चार भिंती, चार घड्याळं : नौपाड्यातल्या कामाच्या नोंदी

इमारत पुन्हा बांधून झाली आणि एप्रिलमध्ये आम्ही ठाण्यात, नौपाड्यात परत आलो. भिंती कोऱ्या करकरीत आणि घरात चालू घड्याळ एकही नाही. आजोबांचं लंबकाचं होतं, पण ते बारा वर्षं बंद. त्यातली शेवटची तीन भाड्याच्या घरात माळ्यावर गेली. हिने ऑनलाइन चार घड्याळं निवडून ठेवली होती, साडेसहा हजारांची. मी म्हटलं, घड्याळाचं मशीन शंभर रुपयांना मिळतं, बाकीचं मी घरी करतो.

मुदत गणपतीपर्यंत, म्हणजे २७ ऑगस्ट. हॉलमध्ये आजोबांचं, दुरुस्त करून. बेडरूममध्ये सागवानी, जुन्या घराच्या दाराची चौकट पाडापाडीच्या वेळी मी उचलून ठेवली होती, तिचं. स्वयंपाकघरात आत्याच्या पितळी परातीचं. ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या वर, उरलेल्या फरशीचं, कारण तिथे पाणी उडतं. हत्यारं: ड्रिल मशीन, जिगसॉ (बारीक पात्याची विजेवरची करवत), दोन पटाश्या, उसना रंधा, चार क्लॅम्प. कुणाला असलं काही करायचं असेल तर उपयोग होईल म्हणून जसं घडलं तसं लिहितोय.

शनिवार, ७ जून २०२५

स्टेशनजवळच्या दुकानातून चार मशीनं आणली, ८० रुपयांना एक. काटे सोबत. घरी येऊन चौकटीच्या लाकडाशेजारी धरून बघितलं आणि पहिली चूक कळली. मशीनच्या मधून जी आटे पाडलेली नळी वर येते, तिची लांबी डायलच्या जाडीपेक्षा तीन-चार मिमी जास्त हवी. तेवढ्यात वॉशर आणि नट बसतो. माझ्या मशीनांची नळी पाच मिमी. म्हणजे ती फक्त परातीला चालतील. आधी जाडी मोजायची, मग मशीन घ्यायचं, एवढं साधं होतं. दुकानदार परत घेईना. त्याचंही बरोबरच आहे, मी पाकिटं फोडली होती.

रविवार, ८ जून

चौकटीचं लाकूड चार बाय तीन इंची. पन्नास वर्षांपूर्वीचा साग, वरून काळा पडलेला, रंधा मारला की आतून मधासारखा. पण आत खिळे, आणि खिळ्यांची डोकी रंगाखाली दडलेली. जिगसॉची दोन पाती तुटली. तिसरं घालायच्या आधी फ्रिजवरचा लोहचुंबक लाकडावरून फिरवला, तर अकरा खिळे सापडले. हे आधी करायला हवं होतं.

फळ्या घरी पाडणं आपल्या हातचं नाही, हे दुपारपर्यंत पटलं. लाकूड रिक्षात घालून वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपात नेलं. त्यांनी ४०० रुपयांत २२ मिमीच्या तीन फळ्या पाडून दिल्या. रिक्षाचे वेगळे.

रविवार, १५ जून

तीन फळ्या कडेला कडा लावून फेविकॉलने जोडल्या होत्या, ९५ मिमीची एकेक, म्हणजे २८० मिमीचं गोल आरामात निघतं. आज क्लॅम्प काढले तसा मधला सांधा हातात आला. कारणं दोन. सागाला अंगचं तेल असतं. कडा थिनरने पुसून लगेच चिकटवायला हव्या होत्या, मी पुसल्याच नाहीत. आणि यंदा पाऊस मे महिन्यातच आला, हवेत एवढा ओलावा की फेविकॉल वाळायचं नाव घेत नाही. परवा रात्री चिकटवून काल सकाळीच मी क्लॅम्प सैल करून एकदा ‘बघितलं’ होतं. ते बघणं नडलं.

कडा पुन्हा रंधल्या, पुसल्या, चिकटवल्या. या वेळी क्लॅम्पना दोन दिवस हात लावला नाही.

रविवार, २२ जून

आजोबांचं घड्याळ जांभळी नाक्याजवळच्या एका म्हाताऱ्या घड्याळजींकडे नेलं. रिक्षातून मांडीवर घेऊन, लंबक आत तसाच. त्यांनी दार उघडून आत पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. लंबक ज्या पोलादी पट्टीवर टांगलेला असतो ती कागदासारखी पातळ असते. रिक्षाच्या हिसक्यांनी ती मुडपली होती. “बारा वर्षं बंद होतं पण धड होतं. आज तुम्ही मोडलंत.” घड्याळ हलवायचं असेल तर लंबक आधी काढायचा, मग घड्याळ उचलायचं. पट्टीचे १५० वेगळे पडले.

बाकी आतलं तेल वाळून डिंक झालंय, चक्रांच्या दांड्यांची भोकं झिजलीत, कमानी, म्हणजे स्प्रिंगा, मात्र शाबूत. आत दोन कमानी असतात, एक वेळेची, एक ठोक्यांची. मी घरी उघडून साफ करणार होतो हे ऐकल्यावर ते हसलेच नाहीत. चावी दिलेली कमान सुटली तर बोट जातं, म्हणाले. सगळे मिळून १,८०० सांगितले, तीन आठवडे.

शनिवार, २८ जून

सागाचं गोल कापून झालं. मागून मशीनसाठी खोलगट खण करायचा, साठ मिमीचा चौरस, इतका खोल की पुढे सहा मिमी लाकूड उरेल. लाकूड कोरायचं राउटर मशीन नाही, म्हणून ३५ मिमीच्या, सपाट तळाचं भोक पाडणाऱ्या फॉर्स्टनर बिटने एकावर एक भोकं घेतली आणि कोपरे पटाशीने चौकोनी केले. अर्धा दिवस गेला. शेवटच्या भोकाला जरा जोर झाला. या बिटला मध्ये एक टोक असतं, ते बाकीच्या पात्याच्या पुढे चालतं. मी फिरकी थांबवून गोल उलटा केला तर पुढच्या बाजूला, सात आणि आठच्या मध्ये, टाचणीने टोचावं तसं टोक डोकावत होतं. पॉलिश पेपरचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरलं. मला दिसतं, इतरांना दाखवावं लागतं.

मशीनही बदललं. मुंबईत मस्जिद स्टेशनला उतरून घाऊक बाजारात गेलो, दहा मिमी नळीचं आणि सरकत्या सेकंद काट्याचं घेतलं, १९० रुपये. झोपायच्या खोलीत टिकटिकणारं नकोच.

रविवार, ६ जुलै

आषाढी. घरात खिचडी, आणि मी गेला आठवडाभर एकाच गोष्टीपाशी अडकलेलो.

सागवानी घड्याळ सोमवारी सुरू केलं. चपडा पॉलिशचे चार हात दिल्यावर देखणं दिसत होतं. टेबलावर व्यवस्थित चाललं, भिंतीला टेकवलं तर बंद. सेकंद काटा पुढे सरकायचा सोडून जागच्या जागी थरथरायचा, आजारी माणसाच्या पापणीसारखा. सेल बदलला. तसंच. काटे एकमेकांना घासतात म्हणून वाकवून बघितले. तसंच. नट फार आवळलाय म्हणून सैल केला. बुधवारी मशीन खराब म्हणून ठरवलं आणि आणखी १९० रुपये आणि अर्धी रजा घालवून दुसरं आणलं. तेही थरथरायला लागलं.

काल रात्री मुलगी शेजारी बसली होती. मी सेल बघायला मागचं झाकण काढलं, काटा चालू. झाकण लावलं, बंद. तिने ते झाकण माझ्या हातातून घेऊन चार वेळा लावलं-काढलं. “बाबा, झाकणच बंद करतंय त्याला.”

झाकणात मी चार छोटे, पण जबर ताकदीचे लोहचुंबक बसवले होते, स्क्रू न काढता सेल बदलता यावा म्हणून. फार हुशारी वाटली होती. मशीनच्या आत एक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, त्याच्या हिशेबाने एका गुंडाळीत वीज सुटते आणि ती मुगाच्या दाण्याएवढं एक चुंबकी चाक ढकलते. सगळे काटे त्या चाकाच्या जिवावर. माझे चुंबक त्याच्यापासून बोटभर अंतरावर. ते चाक त्यांनी धरून ठेवलं होतं. टेबलावर चालत होतं कारण टेबलावर मी झाकण लावतच नव्हतो.

चुंबक उकरून काढले. जुन्या कपाटांना असते तशी लाकडी फिरकी लावली, एका स्क्रूवर फिरणारी. तीन मिनिटांचं काम. उरलेलं १९०चं मशीन फरशीला वापरीन.

रविवार, १३ जुलै

परात. चौदा इंची, कडेला चीर गेलेली, म्हणूनच आत्याने दिली. मध्यावर खिळ्याने खूण ठोकून तीन मिमीचं भोक पाडलं, ते झकास. मग थेट आठचं बिट लावलं. परात मी डाव्या हाताने धरली होती. बिट पलीकडे निघता निघता पातळ पत्र्यात अडकलं आणि परात भिंगरीसारखी फिरली. तर्जनीला दोन टाके, धनुर्वाताचं इंजेक्शन, डॉक्टरांचे ९००. या सगळ्या प्रकल्पातलं सर्वांत महाग भोक.

पातळ पत्रा हातात धरून भोक पाडू नका. खाली फळी, वर फळी, दोन क्लॅम्प, आणि बिट टप्प्याटप्प्याने मोठं. मला हे माहीत होतं. कंटाळा केला.

रविवार, २० जुलै

एका हाताने जमेल तेवढं. परात चिंचेने आणि मग पितांबरीने घासली. आईने घासली म्हणणं जास्त खरं. “तुझ्या घड्याळासाठी मी भांडी घासू?” म्हणत तिने अशी लखलखीत केली की वाटलं भोक पाडायलाच नको होतं.

स्वयंपाकघरात पितळ पंधरा दिवसांत काळवंडतं, म्हणून वरून लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वॉर्निशचा, स्प्रे, २८० रुपये. बाहेर मुसळधार. स्प्रे मारला आणि दहा मिनिटांत सगळ्या परातीवर दुधट साय आली. ओल्या हवेत लॅकर पटकन सुकताना गार पडतं आणि हवेतला ओलावा त्यात अडकतो. थिनरने सगळं पुसलं. सायंकाळी खिडक्या बंद केल्या, परात हेअर ड्रायरने कोमट केली, पातळ थर दिला, पुन्हा ड्रायर. असे तीन थर. या वेळी काच.

आकडे फक्त चार लावले: ३, ६, ९, १२. बाकी ठिपके. आधी बाराही देवनागरी आकडे कापून चिकटवून पाहिले होते. ओट्यापासून १ आणि ९ सारखेच दिसत होते.

शनिवार, २६ जुलै

पितळी परातीला मी सोनेरी काटे लावले होते. टेबलावर राजेशाही. ओट्याच्या वरच्या ट्यूबलाइटखाली काटे गायब. हिने दोन दिवस वेळ मोबाइलवर बघितली आणि काही बोलली नाही, ते जास्त लागलं. काटे काढून बिनचमकीचा काळा रंग दिला. उठून दिसावेत म्हणून दोन हात दिले, आणि मिनिट काटा जाड व्हावा म्हणून मागून पुठ्ठ्याची पट्टी.

आता दर तासाला अर्ध्यानंतर घड्याळ मागे पडायला लागलं. मिनिट काटा बारापासून सहापर्यंत उतरतो तेव्हा वजन त्याला मदत करतं; सहापासून बारापर्यंत चढताना तेच वजन मशीनच्या मानगुटीवर. साध्या मशीनची ताकद किती, एका सेलची. पुठ्ठा काढला, एक हात रंग खरवडला, काट्याच्या आखूड शेपटीला मागून शिशाच्या तारेचा एवढासा तुकडा चिकटवून तोल साधला. दोन दिवस मोबाइलशी जुळवतोय, फरक नाही.

रविवार, २७ जुलै

फरशी एका दिवसात झाली, म्हणजे दोन फरश्या फोडून तिसरी झाली. पहिल्या दोन भिंतीच्या साध्या बिटने, ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके मारत फिरणं, चालू ठेवून. तिसऱ्याला हिऱ्याच्या कणांचं पोकळ बिट, १० मिमी, १८० रुपये. हॅमर बंद, ड्रिल आधी तिरपं धरून खाच पाडायची, मग सरळ, आणि दुसऱ्याने बाटलीतून सतत पाण्याची धार. बाटली मुलीकडे. एक फूट चौरस कापून मात्र शेजारच्या बांधकामावरच्या फरशीवाल्याने दिली, चहावर. मजा म्हणजे ही फरशी गुजरातेतल्या मोरबीची, आणि आपल्याकडची निम्मी भिंतीवरची घड्याळं बघा, तीही मोरबीचीच निघतील. गावाकडचे दोघे इथे एकत्र आले.

वजन पावणेदोन किलोच्या पुढे. मशीनच्या मागचा प्लास्टिकचा हूक एवढं पेलत नाही, त्यावर टांगूच नका. फरशीला मागून लोखंडी पट्टी अराल्डाइटने चिकटवली, चोवीस तास ठेवली.

शनिवार, २ ऑगस्ट

टांगण्याचा दिवस. नवीन इमारतीच्या आतल्या भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे आत हवेचे बुडबुडे असलेल्या हलक्या सिमेंटच्या विटांच्या. दिसतात दगडासारख्या, आतून पाव. मी सवयीने हॅमर लावून सहाचं भोक पाडलं, स्क्रू धरणारी प्लास्टिकची गिट्टी ठोकली, स्क्रू आवळला. गिट्टी स्क्रूबरोबर गोल फिरली आणि बशीएवढं प्लास्टर घेऊन बाहेर आली. कोरी करकरीत भिंत.

हॅमर बंद करून नुसत्या फिरकीने भोक पाडलं आणि आठ सेंटिमीटर लांब नायलॉनची गिट्टी वापरली तेव्हा धरलं. पडलेल्या बशीवर पुट्टी भरली. रंग जुळत नाही. सागवानी घड्याळ ठरल्यापेक्षा चार बोटं डावीकडे गेलं आहे, खड्डा झाकायला. स्विचबोर्डाच्या सरळ वर भोक पाडू नका, वायर तिथूनच चढते. मी पाडलं नाही, एवढंच एक काम न चुकता केलं.

रविवार, १० ऑगस्ट

आजोबांचं घड्याळ आलं. तीन आठवड्यांचे सात झाले होते. या वेळी लंबक वेगळा, वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत.

लेव्हलची बाटली लावून काटकोनात टांगलं. पाच मिनिटांत बंद. पुन्हा लंबक हलवला, पुन्हा बंद. घड्याळजींना फोन केला. ते म्हणाले, फोन घड्याळाजवळ धरा. मग म्हणाले, “लंगडतंय. टिक-टक्, मग थांबा, टिक-टक्. भिंतीचं विसरा, खालून जरा उजवीकडे सरकवा.” केसभर सरकवलं. अजून. अजून. आणि एका जागी ते टिक… टक्… टिक… टक् सारखं झालं, दोन्ही बाजूंना तेवढाच अवकाश. आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. काही बोलली नाही, सोफ्यावर बसली. डोळ्यांना घड्याळ आता अर्धं बोट वाकडं दिसतं. तसंच ठेवलंय, भिंतीवर पेन्सिलने दोन खुणा करून, झाडताना कुणी सरळ करू नये म्हणून.

मुलीची तक्रार: रोमन चार चुकीचा लिहिलाय, चार उभ्या रेघा. तिला सांगितलं, घड्याळाच्या डायलवर बहुतेक ठिकाणी तसाच असतो. तिने शाळेतलं पुस्तक आणून दाखवलं.

वेळ लावताना आईला आठवलं, मामंजींना कुणी वेळ विचारली की ते आधी विचारत, “मुंबई टाइम की स्टँडर्ड?” प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून आली, पण मुंबईने आपली वेळ १९५५पर्यंत सोडली नव्हती, आणि ती जवळजवळ ३९ मिनिटं मागे.

सोमवार, ११ ऑगस्ट

रात्री अकराला सात ठोके. चूक माझी. काल वेळ लावताना काटा भराभर फिरवला, मधल्या तासांचे ठोके पुरे होऊ दिले नाहीत. या जुन्या यंत्रात ठोक्यांची मोजणी काट्यांशी बांधलेली नसते. ती आपली ओळीने पुढचा आकडा वाजवते. प्रत्येक तासाला आणि अर्ध्याला थांबून वाजू द्यायचं, मगच काटा पुढे. मागे तर फिरवायचाच नाही. चुकलंच तर आत ठोक्यांची तार असते, ती बोटाने उचलून आकडा जुळेपर्यंत वाजवायचं. मी हे रात्री साडेअकराला केलं. सकाळी लिफ्टमध्ये वरच्या काकूंनी विचारलं, “काल काही पूजा होती का?”

मंगळवार, १९ ऑगस्ट

कालपासून पाऊस थांबायला तयार नाही, ऑफिसला गेलो नाही. लंबकाचा हिशेब केला. घड्याळ दिवसाला सहा मिनिटं मागे पडत होतं. लंबक जवळपास २५ सेंटिमीटरचा, मिनिटाला १२० टिका. एवढ्या लांबीला गोळा एक मिमी वर घेतला की दिवसाला जवळजवळ तीन मिनिटं पुढे जातं. गोळ्याखालचा नट थोडा फिरवायचा, चोवीस तास थांबायचं, वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी अधीरपणे तीन वेळा फिरवला आणि नऊ मिनिटं पुढे गेलं. आज एक मिनिट मागे. एवढं चालेल. आईचं म्हणणं, तेही नसतं तर मोबाइल आणि याच्यात फरक काय.

शनिवार, २३ ऑगस्ट

हिशेब, हिने मागितला म्हणून. आजोबांचं १,९५०. सागवानी: मशीन, पॉलिश, फळ्या, पाती, रिक्षा मिळून १,२५०. परात ६४०, डॉक्टर धरले तर १,५४०. फरशी ४६०, तिचं मशीन आधीच वाया गेलेलं, ते धरलं नाही. गिट्ट्या, पुट्टी, अराल्डाइट ३८०. एकूण ५,५८०, म्हणजे ऑनलाइनपेक्षा ९२० रुपये वाचले, अकरा आठवड्यांत. तीन पाच मिमीची मशीनं ड्रॉवरमध्ये पडून आहेत. आत्याने फोनवर सांगितलंय की तिच्याकडे अजून एक परात आहे.

सेलवाल्या तिन्ही घड्याळांच्या मागे सेल घातल्याची तारीख पट्टीवर लिहून चिकटवली. लंबकाच्या घड्याळाला दर शनिवारी चावी, आज पहिल्यांदा आईने दिली. उजवीकडे वेळेची, अकरा वळसे. डावीकडे ठोक्यांची, नऊ.